हौसाबाईंच्या विटा

शाळेच्या कार्यक्रमांचं जेवण माझ्याकडे असतं. नोकरीला लागल्यापासून आहे. तसा कोणी आदेश काढलेला नाही. मला याद्या करायची सवय आहे, आणि याद्या करणाऱ्या माणसाकडे बाकीच्यांची कामं आपोआप चालत येतात. परवाच्या स्नेहसंमेलनासाठी मी केटरिंगवाल्या तरुणाच्या हातात अशीच यादी दिली. तांदूळ, तूरडाळ, गूळ, पत्रावळी, पाण्याचा टँकर, आणि शेवटी ‘विटा आठ’. त्याने यादी दोनदा वाचली आणि अदबीने विचारलं, “मॅडम, शाळेत काही बांधकाम काढलंय का?”

त्याच्याकडे गॅस. चावी इकडे फिरवली की जाळ लहान, तिकडे फिरवली की मोठा. त्याला विटा कशाला लागतील? मी तो शब्द खोडला. पण तो माझ्या यादीत इतकी वर्षं का राहिला, हे त्याला उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं. ते इथे लिहिते.

त्या विटा हौसाबाईंच्या.

मी लोणीच्या शाळेत लागले तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. गावात कुठलंही मोठं जेवण निघालं की चर खणायचा, लाकडं रचायची आणि धुरात डोळे पुसत भात शिजवायचा. हौसाबाईंचे मालक दामूभाऊ पिंपरीला एका कारखान्यात फिटर होते. कारखाना बंद पडला आणि ते गावी परतले. रिकामं बसवेना, म्हणून त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून एक मोठा पितळी बर्नर आणला, कॉम्प्रेसरची जुनी टाकी मिळवली, अँगलची चौकट स्वतः वेल्ड केली आणि रॉकेलची भट्टी उभी केली. घरातला पंपाचा स्टोव्ह दहापट मोठा करून अंगणात मांडावा, तशी. पुढे दामूभाऊंना चाकणला काम लागलं आणि ते आठवड्याला घरी येऊ लागले. भट्टी राहिली हौसाबाईंकडे. बौद्ध वस्तीतल्या त्यांच्या घरापुढे ती पोत्याखाली झाकलेली असायची. कोणाकडे कार्य असलं की टेम्पोत चढायची, आणि तिच्या शेजारी टाकीवर हात ठेवून हौसाबाई बसायच्या.

उंच, सडसडीत बाई. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. डाव्या हातातल्या बांगडीला सेफ्टी पिनांचा झुबका, आणि त्यातच बर्नरची पिन, म्हणजे पत्र्याच्या दांडीला लावलेली केसाएवढी बारीक तार. बर्नरचं भोक काजळीने बुजलं की त्या झुबक्यातून न बघता बरोबर तीच पिन काढायच्या. रॉकेल कुठूनही आणा, त्या जुन्या धोतराच्या चौपदरी फडक्यातून गाळल्याशिवाय टाकीत घालत नसत. फडक्यावर राहिलेला कचरा आणि पाण्याचे थेंब यजमानाला दाखवत. “हे तुमच्या भाताखाली जळलं असतं,” म्हणत.

भट्टी पेटवणं हा मोठा कार्यक्रम असे, आणि त्यात घाई केलेली त्यांना चालत नसे. आधी बर्नरखालच्या वाटीत रॉकेलची चिंधी पेटवायची. तिच्या जाळावर बर्नरभोवतीची वेटोळी नळी तापू द्यायची. मग टाकीत हवा भरायची. मग थांबायचं. यजमान घड्याळ बघायचे, आचारी तंबाखू मळायचा, पोरं गोळा व्हायची. हौसाबाई बोटाने पाण्याचा एक थेंब नळीवर उडवायच्या. थेंब नुसता सुकला तर मान हलायची. थेंब नाचत उडाला की मगच चावीला हात.

“तेल जळत नाय बाई,” त्यांनी मला पहिल्याच वेळी सांगितलं. “तेलाची वाफ जळती. नळी गार असली की नुसतं तेल बाहीर येतं. मग जाळ पिवळा, धूर काळा, आन् भाताला रॉकेलचा वास. नळी तापली की आतल्या आत वाफ व्हती, मग बघा कसा निळा लागतो.”

आणि खरंच, चावी उघडली की आधी भुरभुर, मग फुरफुर, मग एकदम घोंघावणारा निळा जाळ. शेजारी उभ्या माणसाशी ओरडून बोलावं लागे. हौसाबाई मात्र भट्टीकडे पाठ करून कांदे चिरत बसत आणि आवाजात जरा फरक पडला की उठून पंपाचे चार दट्टे मारून येत.

हीच मोजपट्टी त्यांनी माणसांनाही लावली होती. कोणी तावातावाने बोलायला लागला की त्या हळूच म्हणायच्या, “पिवळा जळतोय. तापू द्या आजून.” गावचे एक पुढारी त्यांच्या मते जन्मापासून पिवळे होते. मला एकदा विचारावंसं वाटलं आणि मी विचारलंही, की मी कोण. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “तुमी निळ्याच हाय,” म्हणाल्या, “पर आवाज लई.”

एका लग्नात नवरदेवाच्या मामांना थेंब नाचेपर्यंत दम निघेना. वऱ्हाड वेशीत आलंय आणि ही बाई पाण्याशी खेळतेय, असं म्हणत त्यांनी स्वतःच चावी फिरवली. तेलाची धार उडाली, पिवळा भडका मांडवाच्या झालरीपर्यंत गेला आणि परत येताना मामांच्या अर्ध्या मिशा घेऊन गेला. हौसाबाईंनी चावी बंद केली, टाकीतली हवा सोडली, झालर विझवली आणि पुन्हा चिंधी पेटवायला बसल्या. मामा ओठ चाचपत उभे होते. “मामा, मिशा उगवत्यात,” त्या एवढंच म्हणाल्या. “भाताला लागलेला वास जात नाय.” ते मामा पुढे पंगतीत तोंडावर रुमाल धरून बसले होते.

आता विटांकडे येते.

या भट्टीची एक अडचण होती. तिचा जाळ फार कमी करता येत नसे. आच मंद करायला चावी आवळली की नळी गार पडायची, वाफ होणं थांबायचं, आणि पुन्हा तोच पिवळा जाळ, तोच धूर, तोच वास. म्हणून मंद आचेवर काही ठेवायचं तर जाळ तसाच ठेवून पातेलं वर घ्यायचं. ओल्या पोत्याने काठ धरून पातेलं एका अंगाला कलतं करायचं, चौकटीवर वीट सरकवायची, मग दुसऱ्या अंगाने तसंच. भाताला एक थर, लापशीला दोन. म्हणून विटा. यजमान चार आणून ठेवायचे, हौसाबाई आठ मागायच्या.

आणि पातेल्याला त्या हात लावत नसत.

गावात तेव्हा तशी एक व्यवस्था होती. तिला नियम कोणी म्हणत नसे, पण मोडतही कोणी नसे. जाळाला विटाळ नाही, म्हणून भट्टी हौसाबाईंची चालायची. अन्न मात्र आचाऱ्याचं. आमच्या भागात आचारी म्हणजे बाबूराव. गोल, बुटका, गंधाचा टिळा लावणारा, हाताला चव असलेला माणूस. हौसाबाई भट्टीपाशी, बाबूराव पातेल्यापाशी. लापशी आटायला लागली की हौसाबाई आवाज द्यायच्या, “आचारी, उचला.” बाबूराव आणि त्याचा गडी पातेलं कलतं करायचे, विटा सरकवायचे, आणि हौसाबाई दोन हात लांब उभ्या राहून कोणती वीट कुठे ते सांगायच्या. इतकी वर्षं हे असंच चाललेलं, की बघणाऱ्याला त्यात काही दिसायचंही नाही.

हौसाबाईंना दिसायचं. एकदा नळी तापायची वाट बघत आम्ही दोघी बसलो होतो. त्या वाटीतल्या जाळाकडे बघत म्हणाल्या, “आमच्या वस्तीतली सगळी लग्नं माझ्या हातची हायेत बाई. पाहुणे बोटं चाटत्यात. पर गावाचं एक लगीन माझ्या हाताचं व्हायला पायजे. सगळं गाव पंगतीला, आन् पळी माझ्या हातात. मग ही भट्टी गंजली तरी मला काय नाय.”

मी म्हटलं, होईल. काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं. त्यांनी नळीवर थेंब उडवला. तो नुसताच सुकला.

पुढच्या वर्षी शाळेचं स्नेहसंमेलन आलं. गाव जेवायला होतं. बाबूरावाचा गडी त्या दिवशी आलाच नव्हता. एकीकडे भाताचं आधण ठेवायचं, एकीकडे भट्टीवर लापशी, आणि तूप आणणाऱ्याने तूपच आणलं नव्हतं. बाबूराव चिडून कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसला आणि डेअरीकडे निघाला. जाताना सांगून गेला, आलोच. भट्टीपाशी हौसाबाई उरल्या, आणि पलीकडे तांदूळ निवडत बसलेल्या तीन-चार बायका. त्यांत सरूआत्या होत्या. गावातल्या जुन्या, मोठ्या घरातल्या, तोंडाने फटकळ.

बाबूराव येईना. लापशी आटत आली. मी पलीकडे पत्रावळ्या मोजून घेत होते, आणि मंडपात माईकवाला ‘हॅलो, हॅलो’ करत होता. त्या गोंगाटात हौसाबाईंची हाक आली, “कोण हाय का, उचला.” कोणी वळलं नाही. दुसरी हाक आली. मी हातातला गठ्ठा ठेवून निघाले.

त्या अवधीत हौसाबाईंपुढे काय होतं, ते मी नंतर अनेकदा मनात मांडून पाहिलं आहे. चावी आवळावी तर पिवळा जाळ होऊन सगळ्या लापशीला रॉकेलचा वास. भट्टी बंद करावी तर गहू कच्चा, आणि नळी पुन्हा तापेपर्यंत पंगत बसलेली. काहीच करू नये तर लापशी खाली लागून करपलेली. तिन्ही वाटांनी गावाचं गोड जेवण गेलं असतं, आणि त्यांना कोणी एका शब्दाने दोष दिला नसता. पातेलं त्यांचं नव्हतंच.

मी पोचले तेव्हा ओलं पोतं त्यांच्या हातात होतं. त्यांनी पातेल्याचा काठ धरला, कलतं केलं, चिमट्याने वीट आत लोटली. दुसऱ्या अंगाला गेल्या, तसंच. मग दुसरा थर. मग पळी घेतली, आणि पळी पातेल्यात घालून थांबल्या. तांदूळ निवडणाऱ्या बायकांचे हात जागच्या जागी थांबले होते.

सरूआत्यांनी सूप खाली ठेवलं.

“लागली का खाली?”

“नाय लागली,” हौसाबाई म्हणाल्या.

“मग ढवळ की. थांबलीस कशापायी?”

हौसाबाई ढवळू लागल्या. मी तिथेच उभी होते. मला काही करावंच लागलं नाही.

बाबूराव तूप घेऊन आला तेव्हा आधी विटा त्याच्या लक्षात आल्या आणि मग पळी. त्याने पळी मागून घेतली, पातेल्याच्या तळाशी नेऊन खरवडून वर काढली. सोनेरी गहू, काळा ठिपका नाही. त्याच्या नावावर जेवण होतं, आणि त्या बायका आता संध्याकाळपर्यंत काय बोलणार ते त्याला माहीत होतं. मग त्याने पळी परत हौसाबाईंच्या हातात दिली आणि वर तुपाचा डबा ठेवला.

“जाळ तुझा, विटा तुझ्या, आता लापशी बी तूच उतर. मी भाताचं बघतो. दोन्ही माझ्याच्यानं व्हायचं नाय.”

पंगत बसली. पोरांनी लापशी दोनदा मागितली. काही जाणती माणसं पोट बरं नाही म्हणून घरी गेली, आणि एकाच दिवशी इतक्यांचं पोट बिघडल्याबद्दल बाबूराव आठवडाभर चौकशी करत होता. सरूआत्यांना अचानक उपास निघाला. पण नातवंडांसाठी डबा त्या भरून घेऊन गेल्या.

दुसऱ्या कोणी यानंतर निमूटपणे पुन्हा दोन हात लांब उभं राहायला सुरुवात केली असती. हौसाबाईंनी उलट केलं. भट्टी मागायला येणाऱ्याला त्या सांगू लागल्या, “नुसती भट्टी देत नाय. भट्टी नेली तर हात बी न्यावा लागंल.”

लोक हसले, मग चिडले, मग चर खणू लागले. तो लग्नाचा अख्खा हंगाम भट्टी पोत्याखाली बसून राहिली. दामूभाऊ घरी आले की टाकीवरची धूळ पुसायचे आणि बायकोकडे बघायचे. एकदा त्यांनी माझ्यासमोर म्हणून पाहिलं, की अगं, आधी होतं तसं चालू दे, भट्टीचा बर्नर गंजेल. हौसाबाई म्हणाल्या, “गंजू द्या. तुमी परत बनवाल. मला दुसरी कोण बनवणार हाय?” दामूभाऊंनी यावर बर्नर काढून तेलात बुडवून ठेवला. ते बोलण्यापेक्षा अशी कामं करणारे होते.

हंगाम संपता संपता बेल्ह्याहून जनावरांचा एक व्यापारी आला. मुलीचं लग्न. मुहूर्त असा दाट, की त्या दिवशी जुन्नर-आंबेगावात एक आचारी मोकळा नव्हता. बाबूरावही दुसरीकडे. त्यानेच याला लोणीचा पत्ता दिला होता. मी त्या दिवशी हौसाबाईंकडे त्यांच्या मुलीच्या दाखल्यासाठी गेले होते, म्हणून हे बोलणं माझ्या कानांवर पडलं.

बाजारात बैलांचे सौदे करणारा माणूस, तो इथेही रुमालाखाली बोटं दाबून गुपचूप भाव ठरवल्यासारखा बोलत होता. स्वयंपाक तुम्हीच करा, म्हणाला, त्याला काही हरकत नाही. फक्त वऱ्हाडाला बाबूरावांचं नाव सांगू. कोण बघायला येतंय?

हौसाबाईंनी त्याला पाणी दिलं. तो प्याला. त्यांनी ते पाहिलं.

“पावणं, तुमी घरात पाणी प्यालात, बरं वाटलं,” त्या म्हणाल्या. “आता नाव बी माझंच सांगा. न्हाईतर लाकडं जमवा.”

व्यापाऱ्याने मोटरसायकलला किक मारली, गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि वळून परत आला. “विटा किती लागतील?” त्याने विचारलं. हे त्याला बाबूरावाने सांगून ठेवलेलं असणार.

त्या लग्नाला मी गेले होते. मुद्दाम गेले. सरूआत्यांची भाची त्या घरात दिलेली, त्यामुळे त्याही होत्या. मंडपाच्या मागे निळा जाळ घोंघावत होता आणि हौसाबाई एका पातेल्यापासून दुसऱ्यापर्यंत पळी घेऊन फिरत होत्या. कोणी पुसलं की व्यापारी मोठ्याने सांगत होता, “लोणीच्या हौसाबाई. त्यांची भट्टी, त्यांचाच हात.” पहिल्या पंगतीत काही पानं रिकामी राहिली. दुसरीत राहिली नाहीत. सरूआत्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी लापशी घेतली, पुन्हा घेतली, आणि हात धुताना हौसाबाईंपाशी थांबून म्हणाल्या, “गूळ जरा कमी पडला.”

हौसाबाईंनी ते मनावर घेतलं. पुढच्या लग्नाला गूळ वाढवला. होय, पुढचं लग्न आलं, आणि त्याच्या पुढचं.

दोन हजार साल उलटलं तसे गॅसचे सिलिंडर सगळीकडे आले. रॉकेल मिळेनासं झालं. हौसाबाईंनी हळहळ केली नाही. त्यांनी गॅसच्या शेगड्या घेतल्या आणि अवसरी खुर्दला कॉलेज आल्यावर तिथे पोरांसाठी खानावळ काढली.

मी त्यांना शेवटचं तिथे पाहिलं. भाच्याच्या कामासाठी अवसरीला गेले होते, दुपारी खानावळीत डोकावले. पुढे पोरं ताटं घेऊन उभी होती आणि मागच्या अंगणातून तो ओळखीचा घोंघाट येत होता. सिलिंडरची गाडी आली नव्हती, म्हणून राखून ठेवलेलं रॉकेल घालून जुनी भट्टी बाहेर काढली होती. दामूभाऊ आता निवृत्त होऊन घरी आलेले. ते पंपापाशी उकिडवे बसले होते, आणि हौसाबाई पातेल्यावर. केस पिकलेले, बांगडीला पिनांचा झुबका तोच.

मला बघून त्या हसल्या, पण बोलायला सवड नव्हती. भात आटत आला होता. दामूभाऊंनी चावीकडे हात नेला.

“जाळ कमी करू नका,” हौसाबाई पातेल्यावरची नजर न काढता म्हणाल्या. “पातेलं मी उचलते. बाई, त्या विटा जरा सरकवा.”

त्यांनी ओल्या पोत्याने काठ धरून पातेलं कलतं केलं. मी पर्स खांद्यावरून काढून ठेवली, चिमटा घेतला आणि वीट लोटली.

“थोडी आत,” त्या म्हणाल्या. “हां. आता ह्या अंगाला या.”